पेरिनाआत्याचं जन्मसाल

येर्को फेरीबोटीच्या इंजिनावरून निवृत्त झाला आणि त्याच्या बायकोचे, आंतित्साचे हाल सुरू झाले. स्प्लिट बंदर ते ब्राच बेट आणि ब्राच ते स्प्लिट अशा खेपा घालणाऱ्या बोटीच्या पोटात ज्याचं सगळं आयुष्य गेलं, त्या माणसाला घरात नुसतं बसवेना. पहिल्या महिन्यात त्यानं स्वयंपाकघरातल्या बरण्या हलवल्या. रोज लागणाऱ्या खाली आणि सणासुदीच्या वर. दुसऱ्या महिन्यात त्याला फ्रिजच्या आवाजाचा संशय यायला लागला. खारवलेल्या सार्डिन मासळीची बरणी शोधता शोधता एक दिवस आंतित्साचा धीर सुटला. तिनं झाग्रेबला मुलीला फोन लावला आणि सांगितलं, की तुझ्या बापाला काहीतरी उद्योग लावून दे, नाहीतर मी त्याला परत बोटीवर नेऊन सोडते.

इस्टरला मुलगी आली ती जुना लॅपटॉप आणि त्यात वंशावळीचा प्रोग्रॅम घेऊन. ब्राच बेटावरचं त्यांचं झाग्लाव हे गाव कधीकाळी द्राक्षांवर रोग पडला तेव्हा अर्धं रिकामं झालं होतं, आणि ते अर्धं चिलीला जाऊन तिकडे फोफावलं होतं. त्या चिलीकरांचा मोठा जथा ऑगस्टमध्ये गावी येणार होता. अख्ख्या घराण्याचा एक लांबलचक कागद छापून तेलघाण्याच्या हॉलमध्ये लावावा, असं मुलीच्या मनात होतं. माणूस मेलेला असो की जिवंत, त्याची चौकट करायची. आईबाप, लग्न, जन्म, मृत्यू, धंदा भरायचा. रेघा प्रोग्रॅम आपणच ओढतो. कुठं काही जुळलं नाही, तर त्या चौकटीच्या कोपऱ्यात लाल त्रिकोण उमटतो.

येर्कोनं आधी स्वतःला भरलं, मग आंतित्साला, मग आईबापांना. तिसऱ्या दिवशी त्याला जेवायला हाका माराव्या लागल्या. आंतित्सानं मनातल्या मनात गावच्या संताला मेणबत्तीचा नवस बोलून टाकला.

गावातही गोष्ट पसरली. लोक आपापले मेलेले घेऊन येर्कोच्या दारी यायला लागले. कुणी फोटो आणले, कुणी नुसत्याच आठवणी. धंद्याच्या रकान्यात तर निम्म्या गावाला आपला पणजोबा जहाजाचा कप्तान होता असं लिहून हवं होतं. एवढे कप्तान असताना वल्ही कोण मारत होतं, असं येर्कोनं एकाला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, वल्ही शेजारच्या गावचे मारायचे.

असं सगळं झकास चाललेलं असताना पेरिनाआत्याच्या चौकटीवर लाल त्रिकोण उमटला.

पेरिना ही येर्कोच्या वडिलांची धाकटी बहीण. येर्कोचा जन्मही झाला नव्हता तेव्हाच, कोवळ्या वयात, ती मामाकडे चिलीला गेली होती. तिकडे लग्न झालं, संसार झाला, नवरा गेला, आणि मग ती एका सकाळी चार ट्रंका आणि रुंद काठाची टोपी घेऊन झाग्लावच्या धक्क्यावर उतरली. त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. ओठांना लाली लावल्याशिवाय ती कचरा टाकायलाही बाहेर पडत नसे. वय विचारलं की पंचाहत्तर म्हणायची, आणि जन्म पन्नास सालचा, असं वर ठासून सांगायची. रोज सकाळी धक्क्यावरच्या कॅफेत ती लोव्रेबरोबर कॉफी प्यायची. लोव्रे हा गावचा जुना पाथरवट, विधुर, तिच्याहून एका वर्षानं मोठा. दोघांचं जमतंय हे सगळ्यांना दिसत होतं, फक्त त्या दोघांनी अजून एकमेकांना सांगितलं नव्हतं.

त्रिकोणावर बोट ठेवलं की कारण वाचता यायचं. येर्कोनं वाचलं: मुलीचा जन्म आईच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. आई म्हणजे येर्कोची आजी मांदालिना. तिच्या थडग्यावर मृत्यूचं साल सेहेचाळीस कोरलेलं होतं. तो फोटो येर्कोनं स्वतः काढून आणला होता.

इंजिनच्या खोलीत लाल दिवा लागला की आधी यंत्र बंद करायचं आणि मग कारण शोधायचं, अशी येर्कोला हयातभराची सवय. त्यानं रियेका शहरात राहणाऱ्या स्तिपानकाकाला फोन लावला. स्तिपान हा पेरिनाचा सावत्र भाऊ, आजोबांच्या दुसऱ्या बायकोचा मुलगा. आत्याचा जन्म नक्की कधीचा, असं येर्कोनं विचारताच स्तिपानकाका म्हणाला की आवाज नीट येत नाहीये, आणि फोन ठेवून दिला. येर्कोनं परत लावला तर उचलेना.

"लाइन खराब आहे वाटतं," येर्को म्हणाला.

आंतित्सा चार्डची भाजी निवडत होती. ती इतकी हसली की पानं जमिनीवर सांडली. "लाइन नाही, स्तिपान घाबरलाय. अरे, आत्यानं वय चोरलंय. सगळ्या बायकांना माहीत आहे. वित्सानं आणि तिनं मिळून चोरलंय."

वित्सा ही पेरिनाची शाळेतली मैत्रीण, त्या वर्गातली गावात उरलेली एकटीच. पेरिना चिलीहून आली त्या आठवड्यात दोघींची दार लावून काहीतरी बोलणी झाली, आणि तेव्हापासून दोघीही पन्नास सालच्या झाल्या, असं आंतित्साचं म्हणणं.

"मग खरं साल काय?" येर्कोनं विचारलं.

"ते तू विचार. हिंमत असेल तर."

येर्कोनं रात्रभर विचार केला आणि सकाळी आत्याकडे गेला. वय चोरलंस का, असं विचारायची हिंमत त्याला अर्थातच झाली नाही. तो एवढंच म्हणाला, की आजीच्या थडग्यावर सेहेचाळीस आहे, तर हे कसं बसवायचं. आत्या गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत होती. झारी न थांबवता ती म्हणाली, थडग्यावर चूक आहे, छप्पन्न हवं होतं, पाचच्या जागी चार कोरला गेला. त्या काळचे पाथरवट काय, सकाळीच वाईन घेऊन बसायचे.

येर्कोला हायसं वाटलं. चूक सापडली होती, आता दुरुस्ती तेवढी करायची. तो तसाच उठला आणि धक्क्यामागच्या मैदानात गेला, तिथं म्हातारे बालोटेचे लोखंडी गोळे टाकत होते. लोव्रेला त्यानं बाजूला घेतलं आणि अगदी सरळ मनानं विचारलं, "लोव्रेकाका, आमच्या आजीचा दगड तुमच्या वडिलांनी कोरला होता ना? त्यात म्हणे एक आकडा चुकलाय. कधी सवडीनं दुरुस्त करून द्याल का?"

लोव्रेच्या हातातला गोळा खाली पडला. येर्कोच्या पायावर पडायचा तो थोडक्यात वाचला.

"कोण म्हणतं?"

"पेरिनाआत्या."

 खेळ अर्धा टाकून लोव्रे चढ चढून दफनभूमीत गेला. येर्को धापा टाकत त्याच्या मागोमाग. लोव्रेनं मांदालिनाच्या दगडावर हात फिरवला, चष्मा काढून नाक दगडाला लावलं, आणि तो चार हा त्याच्या वडिलांनी शुद्धीत, उन्हात आणि पूर्ण विचारानं कोरलेला चार आहे, असा निकाल दिला. या बेटाचा पांढरा दगड कुठं कुठं गेला, कुठल्या कुठल्या राजवाड्यांना लागला, आणि त्यात आपल्या बापाच्या हातून एक रेघ वाकडी गेलेली नाही, हे त्यानं येर्कोला तिथंच उभं करून ऐकवलं. वाईनचा उल्लेख येर्कोनं केला नव्हता, पण गावात तो दुपारपर्यंत आपोआप पोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅफेत पेरिना टोपी घालून बसली होती आणि समोरची खुर्ची रिकामी होती. लोव्रेनं निरोप पाठवला, की माझ्या बापाच्या थडग्याशी जाऊन त्याची माफी मागितलीस तरच मी कॉफीला येईन. पेरिनानं उलट निरोप पाठवला, की मला कॉफी एकटीलाही गोड लागते. आणि त्या दिवसापासून ती कॉफीत दोन चमचे साखर जास्त घालायला लागली, असं कॅफेवाली सांगायची.

गावाचे दोन तट पडले. पुरुष लोव्रेच्या बाजूनं, कारण बापाचा प्रश्न होता. बायका पेरिनाच्या बाजूनं, कारण त्यांना खरं काय ते माहीत होतं. वित्सा कुणाच्याच बाजूनं बोलेना. ती बरेच दिवस चर्चलासुद्धा मागच्या दारानं गेली. आणि येर्कोशी कुणीच धड बोलेना.

"तू बोटीच्या पोटात होतास तेच बरं होतं," आंतित्सा म्हणाली. "तिथं बिघडलं तर बोट थांबायची. इथं अख्खं गाव थांबवलंस."

"पण त्रिकोण लाल आहे," येर्को म्हणाला.

"बाईचं वय आहे ते. इंजिनाचं तापमान नाही."

जूनच्या मध्यावर एका दुपारी पेरिनाआत्या आपणहून येर्कोच्या घरी आली. ती वाळली होती, लाली मात्र जागच्या जागी होती. येर्कोशेजारी खुर्ची ओढून ती ऐसपैस बसली आणि हे तुझं यंत्र कसं चालतं ते दाखव म्हणाली. आंतित्सानं कॉफी चढवली आणि ती उतू जाईल एवढा वेळ दारातच उभी राहिली.

"ही आई," पडद्यावर बोट ठेवत आत्या म्हणाली. "तिला छप्पन्न कर."

"आत्या, दगडावर—"

"दगड डोंगरावर आहे, तो काय बघायला येतोय? तुझी आजी दहा वर्षं जास्त जगली तर तुझ्या खिशातून काय जातंय?"

येर्कोनं छप्पन्न केलं. आत्याच्या चौकटीवरचा लाल त्रिकोण गेला. आत्यानं पर्स उघडून रुमाल काढला आणि विजयानं कपाळ टिपलं. पण त्याच आठवड्यात येर्कोनं आजोबांचं दुसरं लग्नही भरून ठेवलं होतं, त्यामुळे आता त्रिकोण आजोबांच्या डोक्यावर जाऊन बसला. पहिली बायको जिवंत असताना, अठ्ठेचाळीस साली, त्यांनी टोंकाशी लग्न केलं होतं.

"आजोबांच्या घरात एकदम दोन बायका झाल्या," येर्को म्हणाला.

"माझ्या बापाला एक सांभाळणं होत नव्हतं," आत्या म्हणाली. "लग्न पुढे ढकल."

येर्कोनं लग्न सत्तावन्नमध्ये नेलं. आजोबा सुटले आणि स्तिपानकाका अडकला. तो एकोणपन्नासचा, म्हणजे आईबापांच्या लग्नाआधी आठ वर्षं जन्मलेला. स्तिपान रियेकाच्या चर्चमध्ये दर रविवारी दानपेटी फिरवतो, त्याला हे कळलं तर तो पेटी टाकून पळेल, असं आत्यालाही वाटलं. तिनं त्याचा जन्म अठ्ठावन्नमध्ये ढकलायला सांगितलं. येर्कोनं ढकलला. लगेच स्तिपानच्या थोरल्या मुलीवर त्रिकोण आला. तिच्या जन्माच्या वेळी बापाचं वय पंधरा.

दारातून आंतित्साचा कप पडल्याचा आवाज आला. हसताना तिला कप सांभाळता आला नव्हता.

"आता हिलाही पुढे ढकलू का?" येर्कोनं विचारलं. "पण तिची मुलं-नातवंडं इथं ओळीनं उभी आहेत."

आत्यानं ओळ बघितली. सात चौकटी होत्या, शेवटची अजून दुपट्यातली. आपल्या एका शब्दापायी ही सगळी पोरं रांगेनं पुढे सरकणार, हे तिला दिसलं असावं. राहू दे, सगळं होतं तसं कर, असं ती थकून म्हणाली. येर्कोनं एकेक पाऊल मागे घेत सगळ्यांना आपापल्या जागी आणलं. त्रिकोण परत आत्याच्या चौकटीवर येऊन बसला.

आणि तेवढ्यात येर्कोला एकदम सुचलं. इंजिनातला बिघाड सापडल्यावर तो जसा मांडीवर थाप मारायचा तशी त्यानं मारली. आत्याची आई मांदालिना नसून टोंका आहे असं केलं, तर सगळंच जुळत होतं. लग्न अठ्ठेचाळीस, स्तिपान एकोणपन्नास, आत्या पन्नास. आजीचा दगड बरोबर, लोव्रेच्या बापाचा चार बरोबर, आजोबा अब्रूदार, आणि आत्या पंचाहत्तरची. त्यानं बोलता बोलता करूनही टाकलं. रेघ एका आईवरून सुटली आणि दुसऱ्या आईला जाऊन चिकटली. पडद्यावर एकही लाल ठिपका राहिला नाही. येर्को खुर्चीत मागे रेलला.

आत्यानं पडद्यावर बोट टेकवलं. तिनं विचारलं, "आईखाली आता कोण आहे?"

"बाबा. म्हणजे तुझा भाऊ."

"एकटाच?"

"एकटाच."

आत्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "टोंकानं मला वाढवलं," ती म्हणाली. "आपल्या पोरापेक्षा मोठा मासा माझ्या ताटात वाढायची. तिच्याविषयी मी वावगं बोलणार नाही. पण मी तिची नाही."

"आत्या, हा नुसता प्रोग्रॅम आहे."

"मला आईचा चेहरा आठवत नाही, येर्को. एक ओला हात आठवतो, कपडे धुताना असतो तसा. तोही तिचाच होता की टोंकाचा, कोण जाणे. तिची म्हणून माझ्यापाशी तेवढी एक रेघ आहे. आणि ती तू एका बोटानं उडवलीस."

येर्कोचे कान लाल झाले. त्यानं घाईघाईनं रेघ होती तिथं आणली. मांदालिनाखाली परत दोन चौकटी झाल्या.

"बेचाळीस," आत्या म्हणाली.

"काय बेचाळीस?"

"साल लिही माझं. नोव्हेंबर, तीन तारीख. लवकर लिही, माझं मन बदलायच्या आत."

येर्कोनं लिहिलं. आंतित्सा दारातून आत आली, आत्याच्या मागे उभी राहिली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. आत्यानं तो झटकला नाही. मग तिनं पर्समधून आरसा काढला, लाली ठीक केली आणि टोपी डोक्यावर ठेवली.

तिथून ती सरळ मैदानात गेली. येर्को अंतर राखून मागे. बालोटेचा डाव रंगात आला होता. पेरिना आखणीच्या मधोमध जाऊन उभी राहिली, त्यामुळे खेळ थांबवावाच लागला.

"लोव्रे," ती म्हणाली, "तुझ्या बापाचा आकडा बरोबर आहे. माझी आई सेहेचाळीस सालीच गेली. चूक माझी. मी बेचाळीसची आहे."

 सगळ्या खेळाडूंच्या ओठांवर वजाबाकी दिसत होती. लोव्रेच्या मात्र पहिलंच वाक्य डोक्यात शिरलं होतं, पुढचं शिरायला जागाच उरली नव्हती.

"म्हणजे चार बरोबर?"

"बरोबर."

"आणि वाईनचं?"

"ते मी माझ्या मनचं सांगितलं."

लोव्रेनं गोळा दुसऱ्याच्या हातात दिला आणि तिला घेऊन टेकडी चढला. त्याच्या वडिलांच्या थडग्याशी पेरिना काय म्हणाली ते कुणी ऐकलं नाही, पण ती बराच वेळ तिथं उभी होती, हे सगळ्यांनी खालून बघितलं. लोव्रेनं तिला नंतर बापानं कोरलेला एकेक आकडा दाखवला, आणि येताना दोघं हात धरून उतरले. रस्ता उताराचाच होता म्हणा.

दुसरी वजाबाकी लोव्रेच्या डोक्यात दोन दिवसांनी पोचली. तो चेहरा गंभीर करून पेरिनाच्या दाराशी आला.

"तू माझ्याहून सात वर्षांनी मोठी आहेस," तो म्हणाला.

"आहे. चालत नसेल तर वित्सा मोकळी आहे. अर्थात तीही माझ्याच वर्गातली."

लोव्रे उंबऱ्यावर घुटमळला. तो पाच भावंडांत थोरला. बाप गेल्यापासून घरात, खाणीत, लग्नात, मर्तिकात सगळे त्यालाच विचारायचे. "मला वाटतं," तो सावकाश म्हणाला, "आई गेल्यापासून मला कुणी 'अरे' म्हणालेलं नाही."

"अरे, मग आत ये," पेरिना म्हणाली. "बाहेर ऊन आहे."

वित्सानं पेरिनाशी पुढे बरेच दिवस अबोला धरला. तिचा नाइलाज होता. एकीचं साल फुटल्यावर दुसरीचं झाकून ठेवणार कशानं? शेवटी पेरिना बदाम घातलेल्या केकचं ताट घेऊन तिच्याकडे गेली, आणि त्या दिवशी दार लावून पुन्हा काहीतरी बोलणी झाली. आता दोघी मिळून आपण गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आहोत असं सांगतात आणि चर्चमध्ये पुढची जागा मागतात.

ऑगस्टमध्ये चिलीकर आले. तेलघाण्याच्या हॉलमध्ये भिंतभर कागद लागला. बाहेर अख्खं कोकरू लोखंडी सळईवर फिरत होतं. पाहुणे कागदासमोर आपापली नावं शोधायला लागले आणि घटकाभरात कुणीतरी खिशातून पेन काढलं. एकाला आपल्या आजीच्या नावात एक अक्षर कमी आहे असं वाटलं. दुसऱ्याच्या बापाचं एक लग्न राहिलं होतं, आणि ते त्याच्या आईला ठाऊक नव्हतं, म्हणून तो कुजबुजत सांगत होता. एका बाईनं आपल्या नव्या नातीची चौकट स्वतःच्या हातानं काढली, ती कागद सोडून भिंतीवर गेली. गावकऱ्यांनीही संधी साधली. बघता बघता चार पणजोबा कप्तान झाले.

येर्को कागदासमोर हात पसरून उभा राहिला आणि एकेकानं या, ओळीनं या, म्हणत राहिला. कुणी ऐकेना. मग लॅपटॉप घेऊन येतो म्हणून तो घराकडे धावायला निघाला, तेवढ्यात आंतित्सानं त्याचा शर्ट धरला. दुसऱ्या हातात कोकराचं मटण आणि कांद्याची पात वाढलेली थाळी होती. तिनं त्याला बाकावर बसवलं, तेही कागदाकडे पाठ करून.

"अगं, तिकडे लग्नं बदलतायत," येर्को म्हणाला.

"बदलू देत. जेव आधी. मेलेली माणसं आहेत, उद्याही मेलेलीच असतील."

येर्कोनं मान वळवून एकदा मागे बघितलं. मग थाळी जवळ ओढली आणि खायला लागला.